‘निर्लेखन’ म्हणावे की ‘राइट-ऑफ’? अर्थव्यवहारातील नव्या मराठी शब्दांवर चर्चा

धंतोलीकर
१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे मुख्य अटींचा तक्ता, देणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले आहे. तो कर्जदाराला कळेल अशा भाषेत असावा, हे नियमातच आहे. नागपुरात मराठी तक्ता मागणारे पुष्कळ. त्यातल्या संज्ञांना मराठी शब्द हवेत आणि प्रत्येक शब्दासोबत व्याख्या हवी, असे माझे ठाम मत आहे.

‘राइट-ऑफ’ घ्या. बुडीत कर्जासाठी तरतूद करून बँक ते ताळेबंदातून काढते. कर्जदाराचे देणे मात्र संपत नाही, वसुलीही सुरूच असते. तरी लोक त्याला ‘कर्जमाफी’ म्हणतात आणि दरवेळी तोच वाद पेटतो. इथे ‘निर्लेखन’ हा घडवलेला शब्दच कामाचा. त्याला ‘माफी’चा अर्थ चिकटलेला नाही. व्याख्येत जे ठरवू तेच तो सांगेल.

इतवारीकर
नाही पटत. नागरी सहकारी बँकेच्या काउंटरवर माझी सारी नोकरी झाली. अवघड शब्द ऐकला की गिऱ्हाईक मान हलवतं अन् सही करतं. विचारायला लाजतं. याच नागपुरात कोशकार डॉ. रघुवीरांनी संस्कृत धातूंना उपसर्ग-प्रत्यय लावून हजारो शब्द घडवले. त्या कष्टांपुढे हात जोडतो. पण बाजाराच्या तोंडी आजही मुद्दल, तारण, जामीनदार, थकबाकी, घसारा हेच आहेत.

रामदासपेठ सीए
काका, लाभांश, समभाग, अर्थसंकल्प हे काही इतवारीच्या बाजारातल्या पेढीवर जन्मले नाहीत. वर्तमानपत्रांनी रोज छापले, लोकांनी घेतले. आणि ओळखीचा शब्दही फसवतो. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. मराठीत सगळीकडे ‘स्थगिती’ म्हटले गेले. माझ्याकडे आलेल्या कित्येक दुकानदारांना वाटले, व्याजही थांबले. ते चालूच होते. शब्द सोपा होता, व्याख्या कुणी दिली नाही.

इतवारीकर
मग व्याख्येतलाच शब्द करा ना! ‘हप्ता पुढे, व्याज चालू.’ चार शब्द आहेत, पण कळतं.

काटोल रोड
मला मुळात हा खटाटोपच नको वाटतो. बँकेचा मेसेज, ॲप, करारनामा सगळे इंग्रजीत. ईएमआय, सिबिल, केवायसी माझ्या आईलाही कळतात. तिने मराठी शब्द शिकायचा आणि कागदावर तो सापडायचाच नाही, याचा काय उपयोग? देवनागरीत इंग्रजी शब्द लिहा अन् खाली अर्थ द्या. झालं.

धंतोलीकर
ईएमआय राहू द्या, तो रुळला. पण तक्त्यातला एपीआर, म्हणजे ‘ॲन्युअल पर्सेंटेज रेट’? त्याचे शब्दशः भाषांतर ‘वार्षिक टक्केवारी दर’. कर्जाचा व्याजदर एरवीही वार्षिक टक्केवारीतच सांगतात! खरे वेगळेपण हे, की यात व्याजासोबत प्रक्रिया शुल्क, विमा असे खर्चही धरतात. म्हणून मी ‘खर्चासह दर’ सुचवतो.

याने फसवणूकही उघडी पडते. एक लाखाचे वर्षभराचे कर्ज ‘१२ टक्के फ्लॅट’ने घेतले, तर व्याज १२,००० आणि महिन्याचा हप्ता ९,३३३. पण मुद्दल दरमहा फिटत जाते, व्याज मात्र पूर्ण लाखावर लागते. खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. ‘फ्लॅट’ हा शब्द तसाच ठेवून हे कसे कळणार?

काटोल रोड
‘खर्चासह दर’ चांगला आहे, मान्य. पण तक्त्यावर शेजारी एपीआर छापलेच पाहिजे, नाहीतर बँकेत विचारताना माणूस अडतो.

रामदासपेठ सीए
काका, तुमच्या जुन्या शब्दांपैकी ‘दंडव्याज’ आता बँकांना चालणारच नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार, हप्ता चुकला तर दंड शुल्क म्हणून घ्यायचा, व्याजदरात मिळवायचा नाही आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याजही लावायचे नाही. व्यवहार बदलला की शब्दही बदलावा लागतो.

इतवारीकर
‘दंडव्याज’ सोडतो, ‘दंड शुल्क’ घेतो. दोन्ही शब्द गिऱ्हाईक जाणतं. ‘निर्लेखन’ला मात्र माझा विरोध कायम. तिथे ‘खात्यातून काढलं, वसुली चालू’ असंच छापा.

धंतोलीकर
ते व्याख्या म्हणून छापू, काका. पण न्यायालयात आणि लेखापरीक्षणात एकच नेमका शब्द लागतो. ‘निर्लेखन’ मी सोडणार नाही.