ऑर्थो फिल्मवर लाल फिल्टर लावला, रोल कोरा आला

प्रश्न: मंडळी, दीक्षाभूमीचा पांढरा स्तूप गडद आभाळासमोर हवा होता. इल्फर्ड ऑर्थो प्लस या कृष्णधवल फिल्मवर लाल फिल्टर लावला, एक्स्पोजर तीन स्टॉप वाढवलं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). धुतल्यावर निगेटिव्ह काचेसारखी कोरी. फिल्म खराब निघाली का?

उत्तर: भाऊ, फिल्म ठणठणीत आहे. ऑर्थोला लाल दिसतच नाही, म्हणून तर ती डार्करूममध्ये लाल दिव्याखाली हाताळता येते. लाल फिल्टर फक्त लाल उजेड आत सोडतो, मग फिल्मपर्यंत पोचणार काय? नारिंगीनेही जवळपास तेच होतं. पिवळा लावा. निळा अडतो, हिरवा जातो, आभाळ गडद होतं. पॅनक्रोमॅटिकला, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या फिल्मला, पिवळ्यासाठी साधारण एक स्टॉप पुरतो, इथे मी दोन देतो. निळा गेला की या फिल्मकडे थोडंच उरतं.

मागच्या हिवाळ्यात कळमना मार्केटात संत्र्यांचा ढीग काढला, फिल्टर न लावता. संत्री जांभळासारखी काळपट आली, देठाची पानं मात्र उजळ. तो प्रिंट मी अजून भिंतीवरून काढला नाही.

दुसरं उत्तर: आणि संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली या फिल्मचा ISO (उजेड टिपण्याचा वेग) 80 नाही, 40 धरा.

प्रश्नकर्ता: पिवळा आहे माझ्याकडे! रविवारी सकाळी पुन्हा जातो. एक फ्रेम दोन स्टॉपने, एक अडीचने.