झेव्हलिन + बीम + स्वतःच्या स्टेम सेल : क्रम कसा लावतात?

गोदाकाठ
५८ वर्षांचा रुग्ण, डीएलबीसीएल (बी-पेशींचा वेगाने वाढणारा लिम्फोमा, लसिकाग्रंथींचा कर्करोग). आर-चॉप या पहिल्या केमोनंतर १४ महिन्यांनी आजार उलटला, आर-आइस या दुसऱ्या केमोच्या दोन फेऱ्यांना चांगला प्रतिसाद. प्रत्यारोपण, म्हणजे बीम ही चार औषधांची तीव्र केमो देऊन स्वतःच्या गोठवलेल्या स्टेम सेल परत घालणं, मुंबईत होईल, नंतरचा पाठपुरावा आमच्याकडे नाशिकच्या डे-केअरला. झेव्हलिन ही किरणोत्सारी अँटिबॉडी पेशी परत घालण्याच्या १४ दिवस आधी देण्याचं कारण काय? पेशी कधी काढायच्या? इथे काय सज्ज ठेवावं?

अर्धायुष्य
पेशी आधी, किरणं नंतर. हा क्रम उलटला की अस्थिमज्जा भाजलेली असते आणि पेशी नीट निघतच नाहीत.

मज्जेतल्या पेशी रक्तात आणणारं जी-सीएसएफ किलोमागे १० मायक्रोग्रॅम, रोज. पाचव्या दिवशी अफेरेसिस, म्हणजे यंत्राने रक्तातून पेशी वेगळ्या काढणं. सीडी३४ (स्टेम सेलची खूण) असलेल्या पेशी किलोमागे किमान २० लाख, शक्यतो ५० लाख. आकडा वर येत नसेल तर आदल्या रात्री, संकलनाच्या ११ तास आधी, पेशी मज्जेतून सोडवणारं प्लेरिक्साफोर किलोमागे ०.२४ मिग्रॅ.

मग उणे २१ व्या दिवशी (पेशी परत घालण्याचा दिवस शून्य) साधं, किरण नसलेलं रिटुक्सिमॅब, चौरस मीटरला २५० मिग्रॅ. उणे १४ ला तेवढंच पुन्हा आणि त्यानंतर ४ तासांच्या आत यट्रियम-९० जोडलेली अँटिबॉडी, म्हणजे झेव्हलिन. साधं औषध आधी का? रक्तातल्या आणि प्लीहेतल्या बी-पेशींवरचं सीडी२० (अँटिबॉडी चिकटते ते प्रथिन) ते अडवून धरतं, नाहीतर महागडी मात्रा तिथेच जिरते. झेव्हलिनचा डोस किलोमागे ०.४ मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप), कमाल ३२. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असल्या तर ०.३, लाखाखाली नाहीच. मज्जेत २५ टक्के किंवा त्याहून जास्त लिम्फोमा असेल तरीही नाही. हे निकष प्रत्यारोपणाशिवाय दिलेल्या झेव्हलिनचे. पेशी गोठवून ठेवल्या तरी बहुतेक जण तेच पाळतात.

यट्रियमचं अर्धायुष्य ६४ तास. १४ दिवस म्हणजे ३३६ तास, सव्वापाच अर्धायुष्यं. शिल्लक जेमतेम अडीच टक्के. एवढं विरल्यावर नव्या पेशी घातल्या तर त्या भाजत नाहीत. शुद्ध बीटा असल्याने वेगळी खोली लागत नाही. आयोडीन-१३१ मध्ये गॅमा असतो, तिथे विलगीकरण आणि थायरॉइड वाचवायला ल्युगोल आयोडीन, दोन्ही लागतं.

शून्यदिवस
गणित बरोबर, पण फायदा? बेक्सार या आयोडीन-१३१ जोडलेल्या तशाच अँटिबॉडीची बीमसोबत थेट तुलना झाली, २२४ रुग्ण, समोर रिटुक्सिमॅब-बीम. दोन वर्षांनी आजार न वाढलेले रिटुक्सिमॅब गटात ४८.६, बेक्सार गटात ४७.९ टक्के, म्हणजे फरक नाहीच; तोंड येणं मात्र बेक्सार गटात जास्त. २०१४ मध्ये बेक्सार बाजारातूनच गेलं. माझ्या मते इथे साधं बीम पुरे. बीममधलं कार्मुस्टीन मिळत नसेल तर लोमुस्टीन किंवा बेंडामुस्टीन घालतात.

बीममधलंच मेल्फालान उणे १ ला, चौरस मीटरला १४० मिग्रॅ. तेव्हा तोंड येऊ नये म्हणून अर्धा तास आधीपासून संपल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत तोंडात बर्फाचे तुकडे. कंटाळून मध्येच थुंकले तर उपयोग नाही.

पिशवी
नाशिकसाठी एकच गोष्ट ठळक: लाल पेशी असोत वा प्लेटलेट, पिशवी किरणित (किरण देऊन लिम्फोसाइट निकामी केलेली) हवी, २५ ग्रे, कंडिशनिंग (प्रत्यारोपणाआधीचे उपचार) सुरू झाल्यापासून प्रत्यारोपणानंतर किमान तीन महिने. ल्युको-फिल्टर (पांढऱ्या पेशी गाळणारा) लावला की झालं, असं बरेच जण समजतात. फिल्टर लिम्फोसाइट कमी करतो, संपवत नाही. उरलेल्यांतून जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींचा रुग्णाच्या शरीरावर हल्ला, होऊ शकतो. कोणत्या रक्तपेढीत किरणन होतं ते रुग्ण घाटाखाली असतानाच ठरवून घ्या, रात्री ११ ला शोधू नका. रुग्णाच्या कार्डावरही लिहून ठेवा.

बाकी, संसर्ग टाळायला: असायक्लोव्हिर (नागीणविरोधी) वर्षभर, कोट्रिमोक्साझोल (न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाविरुद्ध) रक्तपेशींचा काउंट स्थिरावल्यावर. कार्मुस्टीन दिलेलं असेल आणि काही आठवड्यांनी कोरडा खोकला, धाप आली, तर नुसत्या अँटिबायोटिकवर थांबू नका. फुप्फुसाचा दाह असू शकतो. स्टिरॉइड लवकर दिलं तर उतरतो.

गोदाकाठ
धन्यवाद. आणि द्राक्षं? हंगामात हा प्रश्न येणारच.

पिशवी
न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वर येईपर्यंत केळं, मोसंबी, सोलता येईल ते. नंतर चालतील, पण घड तसाच बुचकळून नाही. मणी सुटे करून वाहत्या पाण्याखाली. बागेत छाटणीला किंवा शेणखताजवळ जाणं मात्र तीन महिने बंद.