ब्रेक पेडल हळूहळू खाली बसतं, पण ऑइल कमी होत नाही

घाटरस्ता: गाडीला पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, एबीएस नाही. सिग्नलला हलका पाय ठेवून थांबलं की पेडल सावकाश खाली जातं. सोडून पुन्हा दाबलं की वर. टाकीतली पातळी तशीच, चाकांपाशी ओल नाही. गॅरेजमध्ये दोनदा हवा काढून झाली, फरक नाही. आणखी काय तपासावं?

पाना१०: हवा असती तर पेडल स्पंजी लागलं असतं, पण एका जागी थांबलं असतं. सरकतच राहतं म्हणजे दाब निसटतोय. ऑइल बाहेर जात नसेल तर मास्टर सिलिंडरमध्येच (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा मुख्य पंप) रबरी सीलच्या कडेने मागे जाऊन टाकीत परत येतंय. म्हणून पातळी हलत नाही.

इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा, बूस्टरचा (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपेल. मग हलक्या पायाने मिनिटभर धरा, नंतर जोरात दाबून धरा. हलक्या दाबाला बसतं आणि जोराला टिकतं, असं दिसलं तर संशय सीलवरच. दाब वाढला की सीलची कड भिंतीला घट्ट चिकटते, कमी दाबाला चिकटत नाही. त्यामुळे नुसतं कचकन दाबून ‘ओके’ म्हणणारी तपासणी फसवी.

ड्रम_लायनर: मास्टरवर खापर फोडण्याआधी मागचे ड्रम उघडाच. व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) थोडा गळत असला तर ऑइल लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) पिऊन टाकतो, खाली थेंब पडत नाही. सिलिंडरची रबरी टोपी उचला. आत ऑइल साचलेलं असेल तर सिलिंडर बदला, आणि लायनर दोन्ही चाकांचे. मास्टर आणि बूस्टरचा जोडही बघा. तिथलं सील गेलं तर ऑइल बूस्टरमध्ये उतरतं. टाकीवर पातळीची खूण करून ठेवा. पेडल दाबून इंजिन सुरू केल्यावर ते किंचित खाली जातं, तो दोष नव्हे. बूस्टर चालतोय एवढंच.

घाटरस्ता: ड्रम कोरडे, जोडही कोरडा. मास्टरच्या पाइपलाइन काढून आउटलेटना प्लग लावले, तरी पेडल बसतंच. सील किट टाकू की अख्खा मास्टर बदलू?

पाना१०: मग मास्टरच. बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) उजेडात धरा. खड्डे किंवा ओरखडे दिसले तर अख्खा बदला. ॲल्युमिनियमचा असेल तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) नकोच, आतला कठीण थर निघून जातो. जुन्या मास्टरवर हवा काढताना पेडल तळापर्यंत नेलं की सील एरवी न पोचणाऱ्या खडबडीत भागावर घासतं. हवा काढल्यानंतर त्रास वाढला असेल तर हेही कारण असू शकतं.

नवा मास्टर गाडीवर चढवण्याआधी वाइसमध्ये धरून, आउटलेटच्या नळ्या त्याच्याच टाकीत बुडवून हवा काढा. ऑइल झाकणावर लिहिलेलंच, सीलबंद बाटलीतलं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. घाट उतरताना हा फरक जिवावर बेततो. नंतर चाकांपाशी हवा काढण्याचा क्रम मॅन्युअलप्रमाणे. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.