पट ६३

सचिव (ए-६०१), सकाळी ७.४२
सुप्रभात. गल्लीच्या टोकाला जी मनपा शाळा आहे, तिच्या फाटकावर काल नोटीस लागली. फोटो टाकतोय. थोडक्यात असं की इमारत धोकादायक आणि पट ६३, म्हणून जूनपासून शाळेचं समायोजन हायवेपलीकडच्या मनपा शाळेत करणार. हरकती लेखी द्यायच्या आहेत. सोमवारी दुपारी ३ वाजता शाळेत पालकांची सभा आहे.

डी-३०४
वाईट झालं. पण विचारून ठेवतो, जागा रिकामी झाली तर पार्किंगसाठी मागता येईल का? रात्री दहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

ए-१०३
नाही मिळणार. विकास आराखड्यात तो भूखंड प्राथमिक शाळेचा आहे. वापर बदलायचा तर एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यात जाहीर सूचना, हरकती, सुनावणी, शासनाची मंजुरी, सगळं येतं. आणि तशी वेळ आली तर पहिली हरकत माझी असेल.

सी-२०२
इमारत धोकादायक आहे असं तेच लिहितायत. मग मुलांना तिथेच बसवा असं आपण कसं म्हणायचं? शिवाय खाजगी शाळांत आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागा आहेत ना? ६३ मुलं सहज सामावतील.

बी-२०४ (बाई)
तुमची काळजी खरी आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी मनपाच्या शाळांत ३१ वर्षं काढली, शेवटची ९ मुख्याध्यापिका म्हणून.

आधी त्या २५ टक्क्यांचं. तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच असतो, म्हणजे पहिली किंवा पूर्वप्राथमिक. तोही ऑनलाइन अर्ज करून, सोडतीत नंबर लागला तर. आपल्या सी विंगमध्ये कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी तिसरीत आहे. तिला त्यातून कुठेच जागा मिळत नाही. आणि आठवतंय का, फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट दिली होती. जुलैमध्ये उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. तो टिकला असता, तर जवळ सरकारी शाळा आहे म्हणून खाजगीत प्रवेश नाही, आणि मग तीच सरकारी शाळा उचलून नेल्यावर मुलानं जायचं कुठे?

आता पट. ६३ हा आकडा नीट बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ असं प्रमाण आहे. म्हणजे तीन दाखले गेले की पट ६० वर येतो आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत जातो. उरतात दोन शिक्षक आणि पाच वर्ग. एकानं पहिली-दुसरी घ्यायची, दुसऱ्यानं तिसरी, चौथी, पाचवी एका खोलीत. फळ्याचे खडूनं तीन भाग करायचे. पालक दारातून हे बघतात आणि पुढच्या जूनला आणखी पाचजण दाखला मागायला येतात. दोन शाळा मी अशाच रिकाम्या होताना पाहिल्या. शिक्षक किती ते ठरवायला ३० सप्टेंबरचा पट धरायचे, म्हणून तो महिनाभर शाळा सुटल्यावर आम्ही वस्तीत घरोघर फिरायचो. बांधकामावरच्या मजुरांची पोरं दिवाळीनंतर यायची. वर्गात ती बसलेली असायची, पण त्या आकड्यात नसायची.

आणि हा पट तर झाला आजचा. पुढे किती मुलं येणार हे कोण मोजतंय? समोर चार टॉवर उभे राहतायत. त्यांच्या परवानग्या आणि भोगवटा प्रमाणपत्रं महापालिकाच देणार. जन्मनोंदणीही तिच्याचकडे. पण शाळेबद्दल निर्णय घेताना शिक्षण विभागाच्या टेबलावर फक्त हजेरीपट असतो. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. ती नोंद दाखवा आणि मग शाळा हलवायची की नाही ते बोला, असं मी सोमवारी विचारणार आहे. टॉवरमधली मुलं मनपा शाळेत येणार नाहीत हे मलाही माहीत आहे. पण टॉवर उभा राहिला की वॉचमन, ड्रायव्हर, घरकामाच्या बायका मागच्या वस्तीत खोली शोधतात. आपली सोसायटी झाली तेव्हाही तेच झालं होतं.

डी-३०४
बाई, हे दाखल्यांचं मला माहीत नव्हतं. पार्किंगचं मी मागे घेतो.

सी-२०२
पटाचं पटलं. इमारतीचं मात्र अजून नाही पटलं.

ए-१०३
ते मी सांगतो. ‘धोकादायक’ एवढ्या शब्दावर काही ठरत नाही. स्ट्रक्चरल ऑडिट झालं असेल तर इमारतीला वर्ग दिलेला असतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. नोटिशीत वर्गही नाही, ऑडिटची तारीखही नाही. सी-१ असेल तर मी स्वतः म्हणेन, एक दिवसही मुलं आत नकोत. पण मग तिथेच नवी इमारत बांधू हे लेखी द्या, आणि तोवर मुलांना जवळच बसवा. सी-२बी असेल तर शाळा हलवायला इमारत हे कारणच होत नाही.

परवा मी मुद्दाम बाहेरून बघून आलो. मागच्या बाजूला गच्चीच्या पन्हाळ्याच्या तोंडात पिंपळ उगवलाय, चांगला हातभर. पाइप तुंबलेला, त्यामुळे पावसाचं पाणी गच्चीवर साचतं आणि स्लॅबमध्ये मुरतं. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. त्याच कोपऱ्याखाली छताचे पोपडे पडलेत. तो पिंपळ वेळेवर मुळासकट काढला असता तर ही वेळ आली नसती. दरवर्षी मेमध्ये गच्ची झाडायची, पाइप मोकळे करायचे, हे एका माणसाचं दोन दिवसांचं काम आहे.

बी-२०४ (बाई)
काका, तो कोपरा म्हणजे तिसरीचा वर्ग. माझ्या शाळेत अशीच एक भेग होती. मी दर पावसाळ्याआधी तिच्या टोकाला पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहायचे. पाच वर्षांत पाच रेघा झाल्या, वीतभर अंतर. साहेब तपासणीला आले की तेवढं दाखवायचे. तिसऱ्या साहेबांच्या वेळी दुरुस्ती मंजूर झाली.

ए-१०३
बाई, आम्ही इंजिनिअर भेगेवर काचेची पट्टी चिकटवून हेच करतो. पट्टी तडकली की भेग अजून हलतेय. तुमची पेन्सिल आमच्यापेक्षा स्वस्त आणि जास्त कामाची.

बी-५०१
मी आज लेकाला बागेत नेताना हायवेपलीकडच्या शाळेपर्यंत चालून आले. फाटकापासून फाटकापर्यंत मोबाइलवर १.६ किलोमीटर आणि दोन सिग्नल. उड्डाणपुलाखालच्या सर्व्हिस रोडला फुटपाथ नाही. माझा साडेपाच वर्षांचा, मी हात सोडला नाही एकदाही. पहिली ते पाचवीला शाळा एक किलोमीटरच्या आत हवी ना?

बी-२०४ (बाई)
हो, राज्याच्या २०११ च्या नियमांत तसंच आहे. सहावी ते आठवीला तीन किलोमीटर. हे तुमच्या शब्दांत लिहून द्या, फुटपाथसकट.

सचिव (ए-६०१)
मग सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र करतो. ऑडिटचा अहवाल आणि इमारतीचा वर्ग, कलम ९ ची नोंद, अंतर, एवढं मागू. मसुदा बाई आणि काका बघतील. पण पालक नसलेल्यांचं ऐकतील का?

बी-२०४ (बाई)
पत्र आपण देऊ, बोलायला मात्र आया हव्यात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा तीच समिती करते. समितीनं ठराव घेतला तर त्याला वजन आहे. मावशी त्या समितीवर आहेत. मी काल त्यांच्याशी बोलले, सगळं समजावून सांगितलं. त्या बोलायला तयार आहेत, पण तीन वाजता त्यांची तीन घरं असतात.

बी-५०१
आमच्याकडे सोमवारी नाही आल्या तरी चालेल. सांगते त्यांना.

सी-४०३
आमच्याकडेही. पगार कापायचा प्रश्नच नाही.

सचिव (ए-६०१)
तिसरं घर कोणतं?

सी-२०२
आमचं. मी तीन वाजता त्यांना घेऊनच शाळेत येते.