अक्षर आणि आकडा यांचा अर्थ

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या काउंटी (जिल्हा) रस्त्यांच्या, उदाहरणार्थ ई-41 अशा, नावातले अक्षर हे जवळच्या गावाचे आद्याक्षर असावे, असा अंदाज कोणी करू शकेल. तो बरोबर नाही. ए ते जे ही अक्षरे पूर्व-पश्चिम रस्त्यांना उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि पुढची अक्षरे उत्तर-दक्षिण रस्त्यांना पश्चिमेकडून पूर्वेकडे दिलेली असल्यामुळे, ही अक्षरे राज्याच्या 99 काउंटींमध्ये सलग चालतात आणि नुसत्या पाटीवरून आपण राज्याच्या कोणत्या भागात आहोत हे कळते. आयोवातल्या एम्स शहरात शिकत असताना मला या निळ्या पंचकोनी पाट्यांवरची पिवळी अक्षरे वाचायची सवयच लागली होती. स्टोरी काउंटीतला ई-41 हा तर अमेरिका आरपार जाणारा जुना लिंकन महामार्गच आहे.

मुळात रस्त्यांचे हे चौकोनी जाळे अमेरिकेच्या 1785 च्या जमीनमोजणी कायद्यातून आले. एक चौरस मैल, म्हणजे 640 एकरांचे चौकोन आखले गेले आणि त्यांच्या कडांवरून रस्ते निघाले. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे जाताना रेखांश जवळ येतात, ती तफावत भरून काढण्यासाठी ठरावीक अंतरावर आखणी नव्याने सुरू करावी लागली. सरळसोट खडीच्या रस्त्याला कारण नसताना एखादे वळण लागते, ते बहुधा याच दुरुस्तीचे असते.

देखभालीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. 2003 साली राज्याने आपले शेकडो मैल रस्ते स्थानिक यंत्रणांकडे सोपवले, आणि कमी लोकवस्तीच्या काउंटीला हा भार पेलणे सोपे नाही.