मदत हवी आहे: जुन्या आवाजाचं नवं सोल संगीत

मंडळी, मालवणात राहतो. बाबांचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून पडवीत लावलाय आणि सध्या सोलचं, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत गाजलेल्या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गाण्यांचं, खूळ डोक्यात शिरलंय.

सुरुवात गायिका शॅरन जोन्सपासून झाली. तिच्या रेकॉर्ड काढणारी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची डॅपटोन कंपनी २००१च्या सुमारास सुरू झाली, पण ध्वनिमुद्रण टेपवर, सगळे वादक एकाच खोलीत. ड्रम कोरडा, ब्रास (ट्रम्पेट वगैरे) थोडा फाटका, मागे टेपची बारीक खरखर. आई म्हणाली, "ही रेकॉर्ड तुझ्या आजोबांच्या वेळची काय रे?" मग डॅपटोनचाच गायक चार्ल्स ब्रॅडली ऐकला. पहिला अल्बम २०११ साली, वय ६२! आता दोघंही नाहीत. एमी वाइनहाऊसच्या २००६च्या गाजलेल्या अल्बममागेही डॅपटोनचेच वादक होते, हे मला फार उशिरा कळलं.

सॅन डिएगोच्या दी सेक्रेड सोल्स या बँडचे २०२२ आणि २०२४चे दोन्ही अल्बम पाठ झालेत. डुरँड जोन्स अँड दि इंडिकेशन्सही ऐकून झालंय. आता पुढे काय? गेल्या वर्षभरात आलेलं सुचवा, शक्यतो बाईचा आवाज, संथ चाल. नुसता रेट्रो फिल्टर मारलेलं नको, ते दुसऱ्या गाण्यालाच कंटाळवाणं होतं.

आणखी एक, कोकणातल्यांसाठी खास: पावसात कव्हरांवर बुरशी येते. कपाटात नुसत्या डांबरगोळ्या ठेवून भागत नाही. तुम्ही काय करता? मागवलेली एक रेकॉर्ड तर कुरिअरमधूनच वाकून पापड होऊन आली, ती सरळ होईल का?