अर्धवट प्रश्नाला शून्य द्यायचं की नाही?

सांजेची अभ्यासिका
दारव्ह्याकडच्या एका खेड्यात मी संध्याकाळी गणित शिकवतो. दर आठवड्याला प्रत्येकानं स्वतः एक प्रश्न तयार करून आणायचा, आणि त्या प्रश्नालाच मी पाचपैकी गुण देतो. नववीतल्या एका पोरानं आणलेला प्रश्न: 'वावराच्या चार बाजू ओळीनं 200, 150, 180, 160 फूट. वावर किती गुंठे?'

मी शून्य दिलं. कर्ण नाही, कोन नाही. रिकाम्या बाजेची चौकट दाबून तिरपी केली तर लाकडं तेवढीच राहतात, आतली जागा घटते. इथंही तेच. 200 आणि 150 चा कोपरा काटकोनी धरा, कर्ण 250 येतो आणि वावर 27 गुंठ्यांना टेकतं. कर्ण 120 धरा, 17 सुद्धा भरत नाही. सोबतच्या बाई म्हणतात, शून्य हा अन्याय. तुमचं मत?

धुरा सरळ ठेवा
शून्यच. आज दया दाखवली तर उद्या 'सर, हे कसं करायचं' एवढंच लिहून अर्ध्या पानाचा तिरपा फोटो येईल. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'लीलावती'त स्पष्ट लिहून ठेवलंय की लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारणारा पिशाच आहे. आपण तर फक्त शून्य देतोय.

काऊन बावा
राजेहो, श्लोक पुरा वाचा ना! विचारणारा पिशाच, अन् उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच, असं हाय थे. पोट्टं सुटलं, मोठेच अडकले.

धुरा सरळ ठेवा
उत्तर दिलंय कोणी इथं? सरांनी तर नाकारलंच.

सोबतच्या बाई
उत्तर दिलं वावराच्या मालकानं. सरांनी प्रश्नातला एक शब्द इथं गाळलाय: वावर 'मक्त्याचं' आहे, म्हणजे मालकाला पैसे देऊन कसायला घेतलेलं. मालकानं समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली, 190 गुणिले 155, म्हणजे 29,450 चौरस फूट. 1089 नं भागून 27 गुंठे, आणि तेवढ्याचा मक्ता मागितला. ब्रह्मगुप्तानं 628 मध्येच या रीतीला स्थूल म्हटलंय. आयत सोडला तर ती दरवेळी जास्तच दाखवते. पोराला नेमकी तीच शंका आली होती, फक्त ती गणिताच्या भाषेत मांडता आली नाही. गुण देण्याआधी 'हे कायले पाहिजे तुले?' एवढं विचारलं असतं तरी कळलं असतं.

सांजेची अभ्यासिका
शब्द मी गाळला, मान्य. गणिताशी त्याचा संबंध वाटला नव्हता. पण बाई, तीस वह्या असतात. प्रत्येकाच्या मनातलं मी कुठवर ओळखत बसू? प्रश्न कागदावर जसा आहे तसाच तपासणार. आणि कर्ण का मोजला नाही, हे तरी त्यानं लिहायचं होतं.

काऊन बावा
सर, पऱ्हाटी कमरेच्या वर गेली हाय. आतून आडवी टेप नेऊन दाखवा, मंग शून्य द्या.

सांजेची अभ्यासिका
हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

टेपवाला
टेप आरपार न्यायची गरजच नाही. 200 आणि 150 च्या कोपऱ्यापासून एका धुऱ्यावर 20 फुटांवर काडी रोवा, दुसऱ्यावर 15 फुटांवर. दोन काड्यांमधलं अंतर गुणिले दहा, हा झाला कर्ण. समरूप त्रिकोण. मग दोन त्रिकोणांना हिरोचं सूत्र (तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं) लावा. शून्याला माझा पाठिंबा नाही, पण पाचही देऊ नका. 'काय माहीत नाही' हे सांगणं हा प्रश्नाचाच भाग आहे.

सोबतच्या बाई
आज सकाळी पोरानं काड्या रोवल्या. मधलं अंतर 21 फूट. म्हणजे कर्ण 210, आणि वावर 26 गुंठ्यांना किंचित कमी. एका गुंठ्याहून जास्त फरक.

धुरा सरळ ठेवा
टेप सहा इंच झोल खाल्ली तर कर्ण पाच फुटांनी चुकतो. मालक ऐकेल हे?

सोबतच्या बाई
म्हणून संध्याकाळी सर स्वतः टेपचं दुसरं टोक धरायला जाताहेत. शून्य मात्र अजून वहीत तसंच आहे.